उंबरठा ओलांडताना : आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे जीवन

आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे नाव पाली भाषेच्या अभ्यासकांना आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाच्या वाचकांना परिचित आहे. आपल्या अनेक विहारांच्या कपाटांत बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी हा ग्रंथ ठेवलेला दिसतो. ग्रंथकर्त्याचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, चार वेळा अमेरिका आणि एकदा रशिया एवढा प्रवास केलेला हा पुरुष स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडताना कित्येक वर्षे अडखळत होता. तो निघाला आणि परत आला. पुन्हा निघाला, पुन्हा परत आला. त्यांच्या गौरवाच्या भाषणांतून नेमका हाच भाग गळून पडतो. मला तर त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. घरी माडांची बाग होती आणि तिच्या उत्पन्नावर संसार चालत असे. प्रकृती अशक्त, गावात शिक्षणाची सोय तुटपुंजी, त्यामुळे शाळा लवकरच सुटली आणि बागेची देखरेख अंगावर पडली. 1891 साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत-बाहेर, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. माड, नारळ, पाडेली, देणेकरी, सणवार अशा चाकोरीत आयुष्य जावे, अशी सगळी मांडणी पूर्ण झाली होती. त्या काळच्या गोव्यातील हजारो तरुणांचे आयुष्य तसेच गेले.

या चाकोरीत दोन गोष्टींनी खंड पाडला. पहिली म्हणजे तुकोबांची गाथा. दुसरी त्याहून अनपेक्षित होती. अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ नावाचे मासिक निघत असे. त्यात आलेला गौतम बुद्धावरील एक लेख या तरुणाच्या वाचनात आला. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र हाती पडले आणि त्या दिवसापासून बुद्ध हाच त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बालमासिकातून एका सारस्वत तरुणाला बुद्ध भेटावा, यात इतिहासाची गंमत आहे. 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही हकिकत आपणा सर्वांना पाठ आहे. लहानशी पुस्तके कुणाच्या हाती पडतील आणि त्यांतून काय उगवेल, हे छापणाऱ्याला कधीच कळत नाही.

बुद्धाविषयी वाचून झाले. पण पुढे काय? मूळ ग्रंथ पाली भाषेत होते आणि पाली शिकवणारे गोव्यात कोणी नव्हते. महाराष्ट्रातही जवळपास कोणी नव्हते. संस्कृत यावी तर त्यासाठी पुणे किंवा काशी गाठायला हवी होती. बौद्ध धर्म जिवंत कुठे आहे, याचीही त्यांना नीट कल्पना नव्हती. जवळ पैसा नाही, इंग्रजी येत नाही, पदवी नाही, ओळखीपाळखी नाहीत. मागे वृद्ध वडील, तरुण पत्नी आणि बाग. अशा स्थितीत धर्मानंदांनी घर सोडण्याचे प्रयत्न केले आणि ते फसले. ‘निवेदन’ या 1924 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे मोकळेपणाने नोंदवले आहे. दुसऱ्या एखाद्या विद्वानाने हे माघारीचे प्रसंग झाकून ठेवले असते आणि थेट काशीपासून कथा सुरू केली असती.

या माघारीकडे आपण कसे पाहावे? घर सोडताना वाटणारे भय हे अरण्यातल्या वाघाच्या भयासारखे नसते. वाघाचे भय दिसते, त्याला नाव असते. घर सोडणाऱ्याला भय वाटते ते लोक काय म्हणतील याचे, मागे राहणाऱ्यांचे हाल होतील याचे, आणि सर्वांत अधिक म्हणजे आपण निघालो खरे पण आपल्यात तेवढी कुवतच नसली तर, या शंकेचे. आमच्या वसतिगृहात दर वर्षी जून महिन्यात घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतून आणि दूरच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन मुले येतात. त्यांतली काही पहिल्या आठवड्यातच आईबापांबरोबर परत जातात. शिक्षकांच्या खोलीत अशा मुलांना कच्चे म्हणण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. त्यांतलीच काही दिवाळीनंतर किंवा पुढल्या वर्षी पुन्हा येतात आणि मग टिकतात. या स्मरणिकेच्या वाचकांत असे काही माजी विद्यार्थी नक्कीच असतील.

1899 च्या अखेरीस धर्मानंद पुन्हा निघाले. घरी त्या वेळी अगदी लहान मुलगी होती. या वेळी ते परतले नाहीत. प्रथम पुण्यास गेले आणि तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या थोर पंडितांना भेटले. भांडारकर प्रार्थना समाजाचे पुढारी होते. त्या वाटेने जाऊन पुण्यातच अभ्यास करावा, अशी सोय कदाचित झालीही असती. बुद्धाचा शोध घेण्याचा आपला हेतू त्यात मागे पडेल, हे ओळखून धर्मानंद पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले.

येथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. धर्मानंदांचे हाल खरे होते, परंतु काशीची अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी उघडी होती. ते काशीत शिकत होते त्याच सुमारास, 1901 साली, सातारहून वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावकडे निघालेली भीमराव आणि त्यांची भावंडे मसूर स्थानकावर उतरली. ती महारांची मुले आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून ती निघाली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती रात्रभर उपाशी राहिली. एकाच देशात, एकाच काळी, घराबाहेर टाकलेल्या पावलाची किंमत जातीनुसार अशी वेगळी होती. धर्मानंदांना भय जिंकावे लागले. आमच्या पूर्वजांना भयाबरोबर बंद दारेही फोडावी लागली. हा भेद न विसरता धर्मानंदांचा गौरव करता येतो, आणि तो तसाच केला पाहिजे.

काशीत संस्कृत आली, पण बुद्ध भेटला नाही. 1902 च्या आरंभी ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळच्या त्या देशात सद्धर्म जिवंत असेल ही आशा त्यांना तेथवर घेऊन गेली होती. तेथे जे दिसले त्याने त्यांची घोर निराशा झाली. दुसरा कोणी असता तर हे निमित्त करून गोव्याला परतला असता; परतण्याची सवय तर पूर्वीपासूनच होती! धर्मानंद बोधगयेला आले, तेथून कलकत्त्यास महाबोधी सभेत पोहोचले आणि त्याच वर्षी समुद्र ओलांडून सिंहलद्वीपात उतरले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे प्रमुख आचार्य होते. त्यांच्या हाताखाली धर्मानंद श्रामणेर झाले आणि पालीचे अध्ययन सुरू झाले. ग्रंथ सिंहली लिपीत होते, ती लिपी शिकावी लागली. पुढे ब्रह्मदेशात गेले तर तेथे तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या गोलाकार लिपीत. तीही शिकले. तेथे उपसंपदा घेऊन ते भिक्षू झाले आणि ध्यानाचा अभ्यास केला. मग भारतात परतून बुद्धाच्या पदस्पर्शाने पुनीत झालेल्या स्थळांतून ते भिक्षापात्र घेऊन हिंडले.

त्रिपिटकात ‘भयभेरव’ नावाचे एक सुत्त आहे. मज्झिम निकायाच्या आरंभीच ते येते. बोधिप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ रात्रीच्या वेळी भयाण समजल्या जाणाऱ्या अरण्यांत मुद्दाम राहत असे, त्याची हकिकत त्यात तथागतांनीच सांगितली आहे. मोर काटकी पाडी, वारा पाने हलवी, आणि मनात भीती उभी राही. चालत असता भीती आली तर तो चालतच राही, बसला असता आली तर बसूनच राही. भीती ओसरेपर्यंत स्थिती बदलत नसे. बोधिसत्त्वालाही भीती वाटली आणि त्याने ती लपवली नाही, हे या सुत्ताचे वैशिष्ट्य. ज्याने ‘निवेदन’ लिहिले त्या माणसाला हे सुत्त वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

1906 साली धर्मानंदांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालयात, पुढे कलकत्ता विद्यापीठातही, पाली शिकवू लागले. त्याच वर्षी ते घरी गेले. जवळजवळ सात वर्षे लोटली होती. या सात वर्षांत बाळाबाईंनी काय भोगले, याविषयी आमची चरित्रे फारसे बोलत नाहीत. नवरा देशांतराला गेलेला, तो येईल की नाही हे ठाऊक नाही, पदरात तान्ही मुलगी, आणि भोवती शंभर तोंडांचा समाज. धर्मानंदांच्या धाडसाचा अर्धा भार या स्त्रीने उचलला, आणि तोही तिला कोणी विचारल्याशिवाय. त्यागाची वर्णने करताना आपण यशोधरेला आणि रमाईला स्मरतो, तसेच बाळाबाईंनाही स्मरले पाहिजे. या दांपत्याचा संसार पुन्हा सुरू झाला. 1907 साली त्यांना पुत्र झाला, तो म्हणजे प्रख्यात गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. भारतीय इतिहास शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांवर त्याचे ऋण वेगळेच आहे.

कलकत्त्यात पगार चांगला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना सांगितले, की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, तीन वर्षे दरमहा 50 रुपये देऊ. कलकत्त्याचे वेतन याच्या कितीतरी पट होते. तरीही धर्मानंदांनी नोकरी सोडली आणि ते मुंबईस आले. मराठी माणसाला बुद्ध मराठीतच सांगितला पाहिजे, हा त्यामागचा विचार. बडोद्यातील त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने 1910 साली प्रसिद्ध झाली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि तीत भांडारकरांचे साहाय्य त्यांना लाभले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या दारात ते रिकाम्या हातांनी उभे होते, तेच हे भांडारकर. सयाजीरावांनीच पुढे 1913 साली भीमरावांना अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

1910 साली धर्मानंद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आरंभली होती आणि ती त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली होती. ती पुरी करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. शाळा अर्धवट सोडलेला गोव्याचा तरुण आता जगातील एका अग्रगण्य विद्यापीठात बसून पोथ्यांचे पाठ ताडून पाहत होता! परंतु काम करणाऱ्याचे नाव ग्रंथावर कोणत्या मानाने यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. मानहानी पत्करून राहण्यापेक्षा ते 1912 साली परतले. त्यानंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच विसुद्धिमग्गासाठी ते पुढे आणखी तीनदा अमेरिकेला गेले. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन झाले आणि 1929 मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन तेथील बौद्ध विद्येच्या पंडितांबरोबर त्यांनी काम केले.

रशियातून परतताच मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्रेपन्न वर्षांचे धर्मानंद शिरोड्याला गेले, नंतर आपल्या उपनगरातील विलेपार्ल्याच्या छावणीत स्वयंसेवकांत वावरले आणि तुरुंगातही गेले. याच 1930 च्या 2 मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. मिठाच्या सत्याग्रहातील बहुतेक पुढाऱ्यांना त्या मंदिराच्या दारात उभे असलेले स्त्री-पुरुष दिसले नाहीत. धर्मानंद गांधीजींच्या वाटेचे होते आणि बाबासाहेबांची वाट निराळी होती. तेव्हा त्यांना आपल्या चळवळीचे म्हणून मिरवण्याचा अट्टहास मी करणार नाही. मात्र परळच्या कामगार वस्तीत 1937 साली त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला आणि श्रमिकांनी व अस्पृश्य गणलेल्या लोकांनी तेथे यावे अशी इच्छा धरली. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. गिरणगावात धर्मांतराची चर्चा चाळीचाळींतून चालू होती, अशा वेळी बुद्धाचे एक घर त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले, हे महत्त्वाचे.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ याच कालखंडाच्या शेवटी आला. पुढे साहित्य अकादमीमार्फत तो इतर भारतीय भाषांतही गेला. सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला अचानक वैराग्य आले, ही कथा त्यांनी ऐतिहासिक म्हणून स्वीकारली नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखवले, की हाती शस्त्र घेऊन परस्परांवर उठलेल्या माणसांना पाहून बोधिसत्त्वाला भय वाटले आणि त्या भयातून त्याचा शोध सुरू झाला. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारा तंटा ही त्या घटनेची पार्श्वभूमी. याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला. महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी पाहिले होते, त्यांना रोहिणीच्या पाण्याचा अर्थ अधिक सांगावा लागला नसेल.

या मांडणीकडे लक्ष दिले तर दिसते, की धर्मानंदांच्या मते सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण भय नसलेल्या माणसाने केलेले नाही. भय होते; त्याचे कारण शोधण्यासाठीच तो बाहेर पडला. स्वतः दोन-तीनदा माघारी आलेल्या माणसालाच बहुधा असा बुद्ध दिसू शकतो.

1940 साली त्यांनी संपादिलेला संपूर्ण ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाला. प्रकाशक होते भारतीय विद्या भवन, आणि या संस्थेचे ठिकाण त्या वेळी अंधेरीला होते. ज्याच्यासाठी एका तरुणाला गोव्यातून निघून समुद्रापार जावे लागले, परक्या लिप्या घोटाव्या लागल्या, तो ग्रंथ आता आपल्या उपनगरातून, शाळकरी मुलालाही वाचता येणाऱ्या अक्षरांत बाहेर पडला. आमच्या शाळेत पाली घेणाऱ्या मुलामुलींना त्रिशरण आणि पंचशील देवनागरीत वाचताना यात काही विशेष आहे असे वाटत नाही. पालीचे देवनागरीतले पाठ तयार करण्यासाठी कोसंबींनी आणि त्यांच्या शिष्यांनी आयुष्ये घालवली, हे त्यांना शिक्षकांनी सांगितले पाहिजे.

अखेरच्या वर्षांत शरीर थकले. आपल्या हातून आता कार्य होणार नाही आणि इतरांवर भार होऊन राहू नये, अशा विचाराने त्यांनी अन्नत्याग केला. सेवाग्राम आश्रमात 4 जून 1947 रोजी त्यांचा अंत झाला. हा मार्ग त्यांनी पार्श्वनाथांच्या परंपरेविषयी वाटणाऱ्या आदरातून घेतला असावा. माझ्यासारख्या बौद्धाला तो पटत नाही, आणि तथागतांच्या मध्यम मार्गात तो कसा बसतो हेही उमगत नाही. देश स्वतंत्र व्हायला त्या दिवशी अडीच महिने बाकी होते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो स्त्री-पुरुषांनी एकाच वेळी उंबरठा ओलांडला, तो दिवस नऊ वर्षे दूर होता.

हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ मात्र अजून छापून यायचा होता. तो 1950 साली रोमन लिपीत निघाला. ज्या शीर्षकपानावरून अडतीस वर्षांपूर्वी वाद झाला होता, त्या पानावर वॉरन यांच्या नावाखाली धर्मानंद कोसंबी हे नाव छापले होते.